रिचमंड खुर्द

लंडनमध्ये कुणालाही "रिचमंडला चाललोय" म्हणून सांगा, तो मायेने म्हणणार, "डिस्ट्रिक्ट लाइन धरा, शेवटचं स्टेशन." मावशीची उभी हयात लंडनात गेलेली. रिचमंडला पोचायला चार तास लागतील म्हटल्यावर ती भडकलीच. "अरे, रिचमंड पार्कातली हरणं चालत निघाली तरी त्याच्या आत घरी पोचतात!"

"ते रिचमंड नव्हे गं मावशी. यॉर्कशरमधलं. मूळ रिचमंड."

"मूळ? मग आमचं काय कलमी आहे?"

कलमीच आहे. १४८५ साली बॉसवर्थची लढाई मारून सातवा हेन्री गादीवर बसला. त्याआधी तो रिचमंडचा अर्ल होता, म्हणजे या यॉर्कशरच्या रिचमंडचा. १४९७ च्या नाताळात टेम्सकाठचा त्याचा शीनचा राजवाडा जळाला. नवा बांधला तेव्हा त्याला त्याने आपल्या जुन्या जहागिरीचं नाव दिलं. गावाचं पिढीजात 'शीन' हे नाव मागे पडलं. गावकऱ्यांना विचारण्याची पद्धत तेव्हा नव्हती. पुढे १७३७ मध्ये विल्यम बर्ड नावाच्या जमीनदाराने अमेरिकेत व्हर्जिनियात नवं शहर आखलं. तिथल्या जेम्स नदीचं वळण त्याला टेम्सकाठच्या रिचमंडसारखं वाटलं, म्हणून तेही रिचमंड झालं. कलमावरचं कलम ते! आज ती व्हर्जिनियाची राजधानी आहे आणि मूळ गावात माणसं आठ-साडेआठ हजार. बुद्रुक-खुर्द लावायची रीत इंग्रजांना ठाऊक असती, तर थोरल्या घरालाच खुर्द म्हणायची वेळ आली असती.

किंग्ज क्रॉसहून डार्लिंग्टनपर्यंत आगगाडी आणि पुढे बस. "गावाला स्टेशन नाही?" मावशीने विचारलं. आहे की, चांगलं दगडी, देखणं स्टेशन आहे. फक्त १९६९ पासून तिथे गाडी येत नाही. आता आत सिनेमा लागतो आणि खायला मिळतं. "म्हणजे स्टेशनवर जाऊन तिकीट काढायचं ते सिनेमाचं!" मावशी म्हणाली. मूळ रिचमंडचा पहिला गुण तिच्या वहीत वजा झाला.

गाव मात्र असं, की मावशीलाही गप्प बसावं लागलं. स्वेल नदीच्या वर कड्यावर किल्ला. विजेत्या विल्यमबरोबर आलेल्या ॲलन रूफस या सरदाराने १०७१ च्या सुमारास त्याला हात घातला. बुरूज शंभर फुटांवर उंच. पायऱ्या मोजायला मावशी खालीच थांबली. बाजारचौक उतरता आणि गोट्यांनी फरसबंद, त्यामुळे चाकाची बॅग ओढणारा पाहुणा गावभर ऐकू येतो. चौकाच्या मधोमध चर्च आणि त्यात चक्क पलटणीचं संग्रहालय. जवळच १७८८ चं नाटकघर आहे. मधल्या काळात त्याचं गोदामही झालं होतं. १९६३ मध्ये ते पुन्हा उघडलं आणि अजून तिथे खेळ होतात. लाकडी बाकांवर बसलं की पुढच्याचा खांदा आणि मागच्याचे गुडघे हीही नाटकातलीच पात्रं वाटतात.

नावाच्या भाऊबंदकीत गाणंसुद्धा सापडलं आहे. 'रिचमंड हिलची पोरगी' या अठराव्या शतकातल्या लोकप्रिय गाण्यावर दोन्ही रिचमंडांनी हक्क सांगितला. पोरगी यॉर्कशरच्या रिचमंडातली, फ्रान्सेस आयॅन्सन. गाणं लिहिणारा आयरिश वकील लेनर्ड मॅकनॅली. त्याने तिच्याशी लग्नही केलं. हा गृहस्थ आयरिश बंडखोरांचे खटले लढवायचा आणि त्यांच्याच बातम्या सरकारला पुरवायचा. ते उघड झालं त्याच्या मरणानंतर. अशा माणसाच्या गाण्यावर दोन गावांनी दावा सांगावा, यात मला तरी नवल वाटत नाही.

माणसांवर या नावाचा तसा फारसा वरदहस्त नाही. रिचमंडचे चौथे ड्यूक कॅनडाचे गव्हर्नर जनरल झाले. त्यांच्या नावाने तिकडे एक रिचमंड वसलं आणि १८१९ मध्ये त्याच रिचमंडजवळ ते वारले, कोल्हा चावल्याने झालेल्या रेबीजने. ऋषी सुनक मात्र २०१५ मध्ये इथूनच पार्लमेंटात गेले आणि इथलेच खासदार असताना पंतप्रधान झाले. तेव्हा मतदारसंघाच्या अधिकृत नावात कंसात 'यॉर्क्स' असं लिहावं लागे. मूळ पुरुषाला नातवापासून वेगळं ओळखू यावं म्हणून कंसात बसवायचं, हा न्याय फक्त इंग्रजांना सुचतो. बेंगळुरूच्या या जावयाला सासुरवाडीतही एक रिचमंड रोड आहेच.

जगात अशी पन्नासच्या वर रिचमंडं आहेत. चहाच्या दुकानातल्या आजीबाईंनी हे सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा लेकुरवाळ्या घरातल्या कर्त्या बाईसारखा फुलला होता. मावशीने स्कोनवर जॅम लावत शांतपणे विचारलं, "आणि तुम्हाला हे नाव कुणी दिलं?"

आजीबाई क्षणभर थांबल्या. "नॉर्मन लोकांनी," त्या म्हणाल्या. "त्यांच्याकडे नॉर्मंडीत रिशमाँ म्हणून एक खेडं आहे."

थोडक्यात, मावशीचं रिचमंड कलमी, तर यांचंही कलमीच. तरी एकच रिचमंड बघायचं असेल तर हेच बघा. डार्लिंग्टनला उतरा, बस धरा आणि चाकाची बॅग घरी ठेवून या.