नुसतीच तर्री

खान्देशाला रक्तपाताचं वावडं आहे, असं कोणी म्हणू नये. एरंडोलजवळ पद्मालयाला गणपतीचं दर्शन झालं की माणसं भीमकुंडाकडे वळतात, ती काही झाडं-पाखरं बघायला नव्हे. भीमाने बकासुराला लोळवला तो इथेच, अशी आमची पक्की समजूत आहे. एकचक्रा नगरी म्हणजे आमचं एरंडोल. हा मान देशात आणखीही काही गावं आपल्याकडे ओढतात, पण त्यांनी आधी इकडच्या कोणाशी वाद घालून दाखवावा.

बकासुराचा करार मोठा चोख होता. गाडाभर भात, दोन रेडे आणि हे घेऊन येणारा माणूस, एवढं त्याला ठरल्या दिवशी लागे. घरागणिक पाळी. आदिपर्वात ही गोष्ट वाचताना माझ्या अंगावर काटा येतो तो राक्षसाच्या दाढा बघून नव्हे. पाळी आलेल्या घरात आदल्या दिवशी जे बोलणं चालतं, त्याने येतो. बाप म्हणतो मी जातो, आई म्हणते मी जाते, मुलगी म्हणते मला पाठवा. आणि त्यांचं अगदी लहान, बोबडं पोर गवताची काडी उचलून म्हणतं, याने मी त्याला मारतो. सगळे रडताहेत आणि त्या काडीपायी सगळ्यांना हसूही येतंय. शेजारच्या खोलीत कुंती हे ऐकते आहे.

मग भीम जातो. गेल्या गेल्या लढत नाही, आधी राक्षसाचा भात जेवायला बसतो. मागून बकासुर पाठीत गुद्दे घालतोय, झाड उपटून आणतोय आणि हा मान वर करत नाही. खान्देशी माणसाला महाभारतातला सगळ्यात पटणारा प्रसंग कोणता विचाराल, तर हा. जेवण झाल्यावर, हात धुऊन, भीम त्याच्या पाठीवर गुडघा रोवतो आणि त्याला मधून मोडतो. तोंडातून भळाभळा रक्त येतं. संपलं. व्यासांनाही रक्ताची काही अडचण नव्हती. त्यांनी फक्त त्याला त्याच्या लायकीएवढीच जागा दिली.

हे सगळं सुचायला कारण माझा भाचा. धुळ्याचा आहे, इंजिनिअरिंगसाठी जळगावला आमच्याकडे असतो. रात्री जेवणानंतर लॅपटॉप मांडीवर, शेव-मुरमुऱ्यांचं ताट शेजारी आणि पडद्यावर कोणाचं तरी आतडं. मध्यंतरी तो ‘टेरिफायर’ नावाच्या अमेरिकी मालिकेतला तिसरा भाग बघत होता. त्यात एक विदूषक आहे. तो एक अक्षर बोलत नाही, फक्त कापतो. 2024 साली हा चित्रपट आला तेव्हा फ्रान्सने 18 वर्षांखालच्या मुलांना तो बघायला बंदी केली, ही माहिती भाच्याने मला ज्या अभिमानाने दिली, त्या अभिमानाने त्याने मला कधी एखादी मार्कशीट दाखवलेली नाही.

मी थोडा वेळ बसलो. विदूषक एका माणसाला करवतीने उभा चिरत होता. मी विचारलं, “माणसाच्या अंगात रक्त किती असतं रे?”

“पाच लिटर. मामा, मधे बोलू नका.”

“मग हे टँकरने कुठून आलं?”

भाच्याने आवाज वाढवला. खोलीभर करकर, कचकच, फचाफच. जेवलेला माणूस होतो, उठून आलो.

आवाजाचं मात्र मला नंतर कळलं आणि फार बरं वाटलं. चित्रपटात हाडं मोडल्याचा जो आवाज येतो, तो बहुतेक वेळा भाजीचा असतो. स्टुडिओत माइकसमोर बसून कोणी तरी कोबी फाडतो, सेलरीच्या दांड्या मोडतो. हिचकॉकच्या ‘सायको’त, म्हणजे 1960 साली, न्हाणीघरातला तो जगप्रसिद्ध खून झाला तेव्हा सुऱ्याचे घाव पडत होते खरबुजावर आणि मोरीतून वाहत होतं ते चॉकलेटचं सिरप. चित्रपट काळा-पांढरा, त्यामुळे चालून गेलं. हे वाचल्यावर मला आमचा थंडीतला स्वयंपाक आठवला. वांगी काटक्यांवर भाजून, साल सोलून लाकडी बडगीत घालायची आणि वरून लाकडी मुसळीने ठेचायची. बामणोदच्या वांग्यांचं भरीत ठेचताना जो ओला, जड आवाज निघतो, त्यात हॉलिवूडचे तीन-चार तरी खून आरामात होतील. शेतात भरीतपार्टी असली की शंभर माणसांचं भरीत ठेचतात. तिथे एखादा ध्वनिमुद्रक माइक घेऊन आला, तर त्याचं जन्मभराचं काम एका रात्रीत उरकेल आणि वर कळण्याची पुरी खाऊन जाईल.

आमच्या वेळी पडद्यावर एवढं रक्त मिळत नव्हतं. साक्रीकडच्या एका यात्रेत तंबूत रामसेबंधूंचा ‘पुराना मंदिर’ बघितला होता. चित्रपट 1984चा, आमच्या तंबूत पोचेपर्यंत त्याच्या रिळावर इतके ओरखडे पडले होते की भूत आलं की पाऊस आला, हे आधी समजत नसे. त्यातला सामरी म्हणजे अनिरुद्ध अग्रवाल, रुरकीहून इंजिनिअर झालेला उंचापुरा माणूस. (भाच्याला मी हे मुद्दाम सांगितलं. शिक्षणाने वाटा किती खुल्या होतात ते कळावं.) सामरीचं धड एकीकडे, डोकं दुसरीकडे, बाकी रक्त बेताचंच, कारण बजेट बेताचं. पण तंबूतली बाई माणसं पडद्यावरच्या नायिकेला जीव तोडून सांगत होती, “पय वं माय, मांगे उभा शे तो!” नायिका कधीच ऐकत नसे. आम्ही तिच्यासाठी घाबरायचो. तिचं नाव आम्हाला ठाऊक होतं, तिचं लग्न अडलंय हे ठाऊक होतं, तिचा बाप किती हट्टी आहे हेही. टेरिफायरच्या त्या चिरलेल्या माणसाचं नाव मी भाच्याला विचारलं. त्याला सांगता आलं नाही. तो चित्रपट दुसऱ्यांदा बघत होता.

तरीही प्रश्न उरतोच, की हे पोरगं असलं बघतं तरी का? चांगलं आहे, मुंगीला पाय लागला तर उचलून घेतं. याचं उत्तर मला मानसशास्त्रापेक्षा शेवभाजीत सापडलं, आणि मग कळलं की मानसशास्त्रालाही ते मिरचीतच सापडलंय. पॉल रोझिन नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1980च्या सुमारास मेक्सिकोतल्या एका खेड्यात जाऊन माणसं तिखट का खातात याचा अभ्यास केला. तिखट ही खरं तर चव नाही, वेदना आहे. तोंड म्हणतं आग लागली, मेंदू म्हणतो काही नाही रे, भाजी आहे. या दोघांच्या भांडणात मजा असते. शरीर फसलंय आणि आपण फसलेलो नाही, हा तो आनंद. तिखट आवडणाऱ्यांना विचारलं तेव्हा त्यांना सगळ्यात आवडणारी पातळी ही सोसवेनाशी होण्याच्या जेमतेम एक पायरी खालची निघाली. रडवणारे चित्रपट आणि भयपट यांनाही पुढे त्याने याच माळेत ओवलं. बिचारा मेक्सिकोपर्यंत कशाला गेला कोण जाणे. नंदुरबारच्या मिरची बाजारात अर्धा दिवस उभा राहिला असता तर डोळ्यांतून आपोआप निष्कर्ष गळले असते.

तेव्हा भाच्याचं मला समजतं. नाक गळतंय, कान तापलेत, कपाळाला घाम, आणि हात पुन्हा रश्श्याकडे. माझी तक्रार वेगळी आहे. शेवभाजीत तर्रीच्या खाली रस्सा असतो. भाजलेला कांदा-खोबरं असतं, काळा मसाला असतो, पाट्यावर कोणाचे तरी हात दुखलेले असतात. हे नवे चित्रपट नुसतीच तर्री वाढतात. पहिल्या भागात एक पळी, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात पातेलं. जीभ बधिर झाली की दिग्दर्शक म्हणतो, लोकांना आता काही लागतच नाही. हिंदीतही आता हात सैल सुटलाय. ‘किल’ (2024) नावाच्या चित्रपटात रांचीहून दिल्लीला जाणाऱ्या गाडीत डबेच्या डबे रक्ताने धुऊन काढलेत. सफाईने केलंय, नाकारत नाही. पण ती गाडी भुसावळमार्गे नेली असती तर हे शक्य नव्हतं. हात उगारायला जागा कुठे मिळाली असती?

आणि रस्सा करता येत नाही असंही नाही. राही अनिल बर्वे या मराठी माणसाचा ‘तुंबाड’ 2018 साली आला. त्यात साखळदंडाने बांधलेली एक म्हातारी आहे आणि पोटात पिठाची भूक असलेला हस्तर. माणसं मरतात ती हावेने. पहिल्यांदा थिएटरात चित्रपट जेमतेम चालला. 2024च्या सप्टेंबरात पुन्हा लावला, तर पहिल्या वेळेपेक्षा जास्त गल्ला. भाचा जाऊन आला आणि त्या रात्री परसातला दिवा बंद करायला त्याने मला पाठवलं. विदूषकाने तीन भाग करवत चालवून जे साधलं नव्हतं, ते एका म्हातारीने साधलं.

माझं दुःख एवढंच, की तेही कोकणात. ‘तुंबाड’ कोकणातला, ‘मुंज्या’ (2024) कोकणातला, टीव्हीवरची ‘रात्रीस खेळ चाले’ कोकणातली. सगळी भुतं सह्याद्रीच्या पलीकडे जाऊन बसली आहेत. त्यांना तिकडे पाऊस आहे, विहिरी आहेत, माडांचा अंधार आहे. मे महिन्यात जळगावला पारा 45च्या वर जातो, तेव्हा कुठलं भूत रात्रीपर्यंत टिकणार? बाहेर पडायच्या आधी तेच रुमाल बांधेल. पण जुनी माणसं सांगायचीच ना, भर दुपारी बाराला पिंपळाखाली जाऊ नका म्हणून. मग आमचं भूत दुपारचं करा! रस्त्यावर चिटपाखरू नाही, दुकानांची शटरं खाली, डांबर पाघळलेलं आणि दूर झळांमध्ये कोणी तरी उभं आहे. डोक्यावर काही न बांधता. खान्देशात मे महिन्यात दुपारी एक वाजता बोडक्या डोक्याने निवांत उभा असलेला इसम माणूस असूच शकत नाही, हे पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत सगळ्यांना न सांगता कळेल.

दुसरा प्रसंग रावेर-यावलकडच्या केळीच्या बागेत घ्यावा. ‘लपाछपी’वाल्यांनी उसाच्या फडातून घाबरवलं, पण केळी त्याहून पुढची. आत भर उन्हात अंधार, पायाखाली ठिबकची ओल, फाटलेली पानं वाऱ्याने अशी सळसळतात की दर वेळी मागे कोणी चाललंय असं वाटावं. आणि रक्ताचा खर्च नाही. केळीचा चीक कपड्याला लागला की वाळून काळपट तांबडा होतो, तो डाग मेल्यावर सोबत नेतो माणूस. आमच्याकडे केळीचे घड वाहणाऱ्या मजुरांचे सदरे बघा. कोणी काही न करता सगळे खुनी दिसतात.

हे मी जिभाऊंना सांगत होतो. आमच्या गल्लीत सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळींचे ते पुढारी. ते म्हणाले, “या पोरांना रक्त बघायची चटक लागलीय. आमच्या पिढीत नव्हतं हो असं.” आणि खिशातून मोबाइल काढून मला महामार्गावरच्या एका अपघाताचा व्हिडिओ दाखवायला लागले. खाली लिहिलं होतं, ‘अवश्य बघा व पुढे पाठवा.’

इथे माझी थट्टा थोडी अडते. 1 जुलै 2018ला साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला आठवडे बाजार होता. पोरं पळवणारी टोळी आल्याची अफवा व्हॉट्सॲपवरून फिरत होती. भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने ठेचून मारलं. त्याचंही चित्रण झालं, तेही मोबाइलांतून फिरलं. ज्यांनी बघितलं त्यांतले बरेच जण भयपटाला कधी गेले नसतील, त्यांना ते किळसवाणं वाटत असेल. भाच्याला मी विचारलं होतं, तू ते बघितलं होतंस का? तेव्हा तो शाळेत होता. म्हणाला, “ग्रुपवर आलं होतं. उघडलं नाही. ते खरं होतं ना.”

म्हणून विदूषकावरचा माझा राग जरा उतरलाय. कॉर्न सिरप आणि खायचा रंग, दुसरं काय. कोणाच्या घरी रडारड नाही. शूटिंग संपल्यावर चिरलेला माणूस उठून चहा पिऊन घरी गेला असणार. मला तो चित्रपट वाईट वाटतो तो कंटाळवाणा आहे म्हणून, आणि हे कारण भाच्याला ‘संस्कार’ या कारणापेक्षा जास्त झोंबतं, असा अनुभव आहे.

परवा धुळ्याहून जिजी आल्या. म्हणजे माझी आई. सगळं घर त्यांना जिजीच म्हणतं. वय झालंय, रात्री झोप नाही. भाच्याच्या शेजारी जाऊन बसल्या. त्याने दोनदा विचारलं, “जिजी, तुम्हाला चालेल ना? यात जरा मारामारी आहे.” जिजी म्हणाल्या, चालू दे. मी दारात उभा होतो, औषधाची डबी हातात घेऊन. विदूषक एका घरात शिरला. सोफा, गालिचा, भिंती, नाताळचं झाड, कशाकशाला त्याने सोडलं नाही. भाचाच मधून मधून डोळ्यांवर हात घेत होता. जिजी मात्र चष्मा सारखा करून, किंचित पुढे झुकून बघत होत्या.

“हाई सम्दं पुसी कोन?” त्यांनी विचारलं.

भाच्याने लॅपटॉप थांबवला. “काय?”

“गालिचा शे तो. भारी दिसस.” जिजींचं बोट पडद्यावरच्या एका कोपऱ्यावर होतं. “त्यास्ले सांग, थंड पानी ल्या म्हना. ऊन पानीमा रंगतना डाग पक्का व्हई जास.”