दिवस वाईट आलेत

नानांना मटणाचं दुकान प्रिय, मटण नव्हे. वेल्ह्यात रविवारी सकाळी ते पिशवी घेऊन उभे राहतात ते वजडी, मुंडी आणि पायांसाठी. मांडीचं मटण मागणाऱ्याकडे ते असे बघतात, जणू तो लग्नाला येऊन नुसतं पाणी पिऊन निघालाय.

"मटान काय, कुनीबी शिजवतंय. वजडी धुवून दाव!"

ते धुणं म्हणजे नानांचं शास्त्र. कढत पाण्यात बुडवायची, चुना लावायचा, सुरीनं खरवडायची. काळं जाऊन पांढऱ्या खरखरीत टॉवेलासारखी दिसली की थांबायचं. मुंडी-पाये चुलीच्या जाळावर भाजायचे. केस जळल्याचा वास तीन घरं ओलांडून गेला की नाना तृप्त.

याच वजडीची एके काळी त्यांना लाज वाटायची. जत्रेत बकरं पडलं की मटणाचे वाटे ज्याचे त्याला, मुंडी कापणाऱ्याला आणि वजडी नानांच्या आईच्या पाटीत. ती पाटी घरी न्यायचं काम नानांकडे. वर पळसाची पानं झाकून ते गल्लीबोळातनं जायचे.

मग तोरणा-राजगड उतरून आलेली पुण्याची पोरं 'वजडी फ्राय' मागू लागली. जिमवाल्यांना कलेजी हवी, गुडघेवाल्यांना पायाचं सूप. आखाडात हॉटेलवाले आदल्या रात्रीच सांगून ठेवतात. शूटिंगवाल्यांमुळे भोरच्या राजवाड्याचा रुबाब वाढला, तसा ट्रेकरांमुळे वजडीचा. वेल्हे तालुक्याचा राजगड तालुका झाला, तेवढ्यात मेनूकार्डावर वजडीचीही 'बोटी' झाली.

पुतण्यानं समजावलं, "नाना, जगभर हेच. अमेरिकेत कोंबडीचे पंख कोण विचारत नव्हतं. १९६४ साली बफेलोत एका बारमध्ये ते तळले म्हणतात. आज बफेलो विंग्स म्हणून भाव खातात."

"म्हशीला पंख?" नानांनी विषय संपवला.

खरं अर्थशास्त्र दुकानदारानं सांगितलं. "नाना, गिऱ्हाइकं चाळीस झाली, पण बकऱ्याला पाय चारच. वजडी तर एकच."

भाव ऐकून नाना करवादतात. पण मोठ्या घरी दिलेल्या लेकीच्या सासरची तक्रार करावी तसे, चारचौघांत आणि मोठ्यानं.

गेल्या रविवारी नाना गल्लीबोळातनं जाताना दिसले. पिशवीवर वर्तमानपत्र घट्ट दाबलेलं.

"काय नाना, वजडी?"

त्यांनी इकडंतिकडं पाहिलं. आवाज खाली आणला.

"सगळी हाटेलवाल्यानं नेली. काय सांगू मास्तर, दिवस वाईट आलेत. आज मांडीच्या मटनावर भागवायचंय. कुनाला बोलू नगा."