मामींचे दप्तर

वैनगंगेच्या काठी, पवनीस, आमच्या मामींच्या घरी जो पाहुणा उतरतो, त्याच्या प्रकृतीची विचारपूस होण्यापूर्वी त्याच्या सदऱ्याची विचारपूस होते. बाहीची कड अंगठा आणि तर्जनी यांमध्ये धरून, डोळे किंचित मिटून, मामी त्या वस्त्राचे आयुष्य किती उरले आहे याचा अदमास घेतात. आणि ते अल्प निघाले की त्यांच्या मुद्रेवर अशी काही प्रसन्नता पसरते की पाहुण्यास वाटावे, आपल्या येण्यानेच बाईंना एवढा आनंद झाला. "बाबू, हा सदरा तुले कोपरात विरला वाटते," एवढेच त्या म्हणतात. परंतु जप्तीची नोटीस बजावली गेली आहे, हे जाणत्याने ओळखावे.

गरजेपोटी गोधडी शिवणाऱ्या स्त्रिया पुष्कळ आहेत आणि त्यांच्याविषयी मला आदरच आहे. मामींचा वर्ग निराळा. या वर्गातील स्त्रीच्या दृष्टीने माणसाच्या अंगावरचे कापड हे कापडाच्या आयुष्यातील केवळ उमेदवारीचे दिवस होत. त्याची खरी नेमणूक गोधडीत व्हायची असते. लुगडे नऊ वारांचे का, याचा मामींइतका समाधानकारक खुलासा मी कोणा पंडिताकडून ऐकलेला नाही. नेसायला सहा वार पुरतात हे हल्लीच्या मुलींनी सिद्धच केले आहे. मग पूर्वजांनी नऊ वार कशास विणले? तर लांबीची चौघडी घातली की सुमारे दोन मीटरांचे चार पदर पडतात, आणि दोन मीटरांत माणूस पाय ताणून निजतो, म्हणून. मामांनी हौसेने टेरिकॉटचा सदरा शिवला तेव्हा मामी दोन दिवस अबोल होत्या. ज्यात सुई रुतत नाही, घाम जिरत नाही आणि जे वीस वर्षे वापरूनही मऊ पडत नाही, ते कापड अंगावर चढवणे त्यांना कुलबुडवेपणा वाटतो. आमच्या जिल्ह्याच्या कोशाचे एक करवतकाठी लुगडे मात्र त्यांच्या पेटीत सुखरूप आहे. पण त्याचाही निकाल लागलेला असून अंमलबजावणी तेवढी नातीच्या बाळंतपणापर्यंत तहकूब आहे.

शिवणकामाचा हंगाम उन्हाळ्याचा. धानाची कामे संपलेली, रोवणीस अवकाश. त्यामुळे नवतप्याच्या भर दुपारी, जेव्हा कौलांखाली कावळाही चोच उघडी टाकून बसतो, तेव्हा आमच्या मामी पौषातील थंडीची तजवीज करीत असतात. ओसरीवर लुगडे अंथरून कोपऱ्यांवर पाटा, वरवंटा, उखळ आणि मामांचा जुना कंदील अशी वजने ठेवली जातात. वर धोतरांचे, सदऱ्यांचे, झबल्यांचे थर चढतात. ते सरकू नयेत म्हणून लांब लांब कच्चे टाके पडतात, आणि मग काठाकडून सुरू झालेला धावदोरा फेऱ्यामागून फेरे घेत मध्याकडे निघतो. त्या पंधरवड्यात ओसरी मामींच्या वहिवाटीत असते. घरच्यांनी भिंतीस पाठ लावून, आडव्या चालीने, प्रदक्षिणा केल्याप्रमाणे स्वयंपाकघर गाठायचे. माझ्या समजुतीप्रमाणे मामांना प्रदक्षिणेचे जे काही पुण्य लागले असेल, ते सारे याच कलमाखाली.

गाडगेबाबांना लोक गोधडेबुवा म्हणत, याचा मामींना विलक्षण अभिमान आहे. बाबांनी हाती खराटा घेऊन गावे झाडली, हे कार्य त्या नाकारीत नाहीत. परंतु चिंध्यांना माणसाच्या अंगावर मान मिळवून दिला, हे त्यांना त्याहून थोर वाटते.

मामींच्या गोधडीखाली निजणाऱ्यास झोप सहसा लवकर लागत नाही, कारण त्या उशाशी बसून तुकड्या-तुकड्याचा फेरफार वाचून दाखवतात. हा निळा चौकोन थोरल्याच्या मुंजीचा. हा पिवळा धाकटीच्या हळदीचा. आणि मधला तो किरमिजी, माहेरच्या आजोबांच्या फेट्याचा. आजोबांची मालगुजारी 1951 साली गेली, तिच्याबरोबरचे तलाव सरकारजमा झाले आणि 'माजी मालगुजारी' या शब्दांचा संक्षेप होऊन 'मामा तलाव' म्हणवू लागले. फेटा मात्र आजही कुटुंबाच्या कब्जात असून पाहुण्यांच्या छातीवर असतो. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत रात्रभर दंडारीचा खेळ चालतो तेव्हा सारे गाव गोधड्या पांघरून बसते. आणि मामी रंगमंचाकडे पाठ करून शेजारणीच्या गोधडीचा कोपरा उलटतात, वितीत टाके किती ते मोजतात.

गेल्या साली मामांची साऱ्याची पावती हरवली. घर धुंडाळले, देव पाण्यात ठेवले. आणि पहिल्या थंडीच्या रात्री मामा कुशीवर वळले तसा गोधडीच्या पोटातून कागद करकरला. गतवर्षीचा सदरा खिशासकट तिसऱ्या थरात गेला होता.

"एक टाका उसव," मामा म्हणाले.

"एका पावतीसाठी वाकळ उसवत नाही जी कोणी," मामी म्हणाल्या, आणि दिवा मालवला.

सबब सकाळी मामा, मामी आणि गोधडी असे तिघे बैलगाडीतून पटवाऱ्याकडे रवाना झाले. साक्षीदार म्हणून मीही होतो. पटवारी भला माणूस. त्याने घडीवरून हात फिरवला, कागदाची कड बोटांना लागताच मान डोलावली, आणि आपल्याकडील प्रतीवरून तपासून घेतो असे सांगून रजिस्टर काढण्यास वळला. मामी त्याच्या आधीच फळीपाशी पोहोचल्या होत्या. दप्तराच्या लाल रुमालाची कड अंगठा आणि तर्जनी यांमध्ये धरून, डोळे किंचित मिटून, त्या विचारीत होत्या,

"पटवारीबाबू, हा खारवा किती सालचा जी?"