कारखान्याच्या पहिल्या दिवसाकडे

संगणकाच्या हार्ड डिस्कवर, सी ड्राइव्हच्या शेजारी, वापरणाऱ्याला सहसा न दिसणारा जो कप्पा निर्माता राखून ठेवतो आणि ज्यात कारखान्यातून निघतानाच्या संपूर्ण प्रणालीची प्रत साठवलेली असते, त्यास रिकव्हरी पार्टिशन म्हणतात. या जागेचे भाडे अर्थातच ग्राहक भरतो, कारण ५०० जीबी म्हणून घेतलेल्या डिस्कमधले काही जीबी कप्प्याने आधीच बळकावलेले असतात. विंडोज ७ च्या काळापर्यंत खोक्यातून सीडी जवळपास हद्दपार करून निर्मात्यांनी ही सोय रूढ केली. तीत गोम एवढीच, की ज्या डिस्कच्या दुखण्यावर हा उतारा, तिच्याच पोटात तो ठेवलेला असल्याने डिस्क गेली की उताराही जातो. म्हणून ग्राहकाने स्वखर्चाने कोऱ्या डीव्हीडी आणून रिकव्हरी डिस्कचा संच स्वतः तयार करावा, अशी सूचना पडद्यावर झळकत असे, आणि काही निर्माते तर हा संच एकदाच करू देत, जणू दुसरा मिळताच ग्राहक त्याचे दुकान थाटणार होता.

प्रत्यक्ष पुनःस्थापना मात्र विलक्षण निष्ठेने होते. यंत्र सुरू होताना एफ११ किंवा निर्मात्याने नेमलेली कळ दाबून ‘सर्व माहिती पुसली जाईल’ या इशाऱ्यास होकार दिला, की लग्नाचे फोटो, हिशेबाच्या एक्सेल फायली आणि दरम्यानची सारी सुरक्षा-अपडेट नाहीशी होतात; परततो तो मुदतीचा अँटिव्हायरस, आणि पहिल्याच मिनिटाला वर्गणी मागू लागतो.