धाडसाची पूर्वअट

मराठी मध्यमवर्गात स्वप्नांविषयी आदर सार्वत्रिक असला, तरी त्यांचा पाठपुरावा सवडीने, म्हणजे गृहकर्ज फिटून, मुलांची लग्ने उरकून आणि निवृत्तिवेतन सुरू झाल्यावरच करावा, असा संकेत आहे. धुंडिराज गोविंद तथा दादासाहेब फाळके हे या संकेताला गैरसोयीचे अपवाद ठरतात. कारण चाळिशी ओलांडलेल्या या गृहस्थाने आयुर्विम्याची पॉलिसी, अर्थात कर्त्याच्या पश्चात कुटुंबाला आधार देणारी तरतूद, हयातीतच गहाण टाकून चित्रपटनिर्मिती शिकण्यासाठी १९१२ मध्ये लंडन गाठले, आणि पत्नी सरस्वतीबाईंनी अंगावरचे दागिने तर दिलेच, शिवाय घरचा रामरगाडा सांभाळून कच्च्या फिल्मला कडेने भोके पाडण्याचे कामही केले. १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ हा फाळक्यांचा चित्रपट पडद्यावर आल्यानंतर हा अव्यवहारीपणा द्रष्टेपणात जमा झाला आणि कालांतराने त्यांच्या नावे राष्ट्रीय पुरस्कारही सुरू झाला. यावरून धाडसाला समाजमान्यता मिळते ती यशाची पावती जोडल्यावर, असा निष्कर्ष निघतो. म्हणूनच सुजाण पालक आजही फाळक्यांचे चरित्र मुलांच्या हाती आवर्जून देतात, विम्याची कागदपत्रे मात्र कुलपात ठेवतात.