पंगतीची माणसं

दोन वर्षांचं पोर आणि सत्तरी ओलांडलेले आई-वडील यांना एकाच संध्याकाळी हॉटेलात न्यायचं, ही कल्पना नेहमी मधल्या पिढीची असते. पोराला हॉटेल नको असतं आणि म्हाताऱ्यांनाही नको असतं. हौस असते ती तिशी-चाळिशीतल्या आम्हा नवरा-बायकोला. नाव मात्र त्या तिघांचं.

वाशिममध्ये ही हौस तशी नवीनच. १ जुलै १९९८ला अकोल्यातून वेगळा निघून आमचा जिल्हा झाला. कचेऱ्या आल्या, बदलीवरची माणसं आली आणि हळूहळू ‘फॅमिली रेस्टॉरंट’च्या पाट्या दिसू लागल्या. माझ्या लहानपणी बाहेरचं खाणं म्हणजे बाजाराच्या दिवशी कागदात बांधून आणलेला आलूबोंडा. त्याला कोणी ‘डायनिंग’ म्हणत नव्हतं.

सोयाबीन निघालं की आई-बाबा रिसोडकडच्या आमच्या गावाहून नातवाला भेटायला येतात. बाहेर जेवायला जायचं म्हटलं की आई सुनेला विचारते, “घरात पीठ नाई का वं?” तिच्या हिशेबी धडधाकट सून आणि भरलेला डबा असताना हॉटेलात जाणं म्हणजे घरात काहीतरी बिनसलंय.

बाबा मेनूकार्ड उजवीकडून वाचतात. आधी भाव, मग माल. परवा त्यांची नजर पनीरच्या तीनशे वीसवर थांबली. २०२५-२६च्या हंगामाचा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता. ओठ हलले, बोटांची पेरं मोजून झाली आणि निकाल लागला, “सोळा-सतरा प्लेटांत क्विंटल साफ. अन् तेबी हमीभाव भेटला तं!” शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ पनीर खाता खाता थांबले. तेही शेतकऱ्याचेच चिरंजीव असावेत.

तोवर आमच्या चिरंजीवांसाठी उंच खुर्ची आली. आईला ती मुळीच पटली नाही. “पोराले कायले कोंडतं वं त्याच्यात?” म्हणत तिनं त्याला उचललं आणि मांडीवर घेतलं. पापड आला. पोरानं त्यावर मूठ आपटली, चुरा टेबलभर झाला. मग बोटाचं टोक थुंकीनं ओलं करून तो एकेक कण टिपू लागला. एक कण स्वतःच्या तोंडात, एक आजीच्या. आजी प्रत्येक कणाला तोंड उघडत होती. आम्ही दोघं टिशू पेपर घेऊन इकडेतिकडे बघत ‘सॉरी’चे चेहरे करत होतो.

“वरन-भात हाय का?” आईनं वेटरला विचारलं. दाल तडका होता, जिरा राइस होता. तिनं दोन्ही मागवले, वरच्या लाल मिरच्या वेचून ताटाच्या कडेला लावल्या, चमचा बाजूला ठेवला आणि हातानं कालवून मऊ केलं. चिऊ-काऊच्या नावानं घास सुरू झाले. पोर छताच्या पंख्याकडे बघत मुकाट जेवलं. उरलेला तोच भात बाबांनी घेतला. पनीर आमच्याकडेच राहिलं.

तेव्हा मला कोडं उलगडलं. ही दोन टोकं एकाच पक्षाची आहेत. दोघांना सात वाजता भूक लागते, नवाला डोळे मिटतात. दोघांना मऊ लागतं, हातानं लागतं, जमिनीजवळ लागतं. ही पंगतीची माणसं आहेत.

आणि पंगतीच्या बाबतीत आमचा मुलूख काही कमी नाही. शेजारच्या मेहकर तालुक्यात, हिवरा आश्रमाला विवेकानंद जयंतीच्या उत्सवात पुरी आणि वांग्याची भाजी ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांतून वाढतात. मालेगाव तालुक्यातल्या डव्ह्याला रथसप्तमीच्या यात्रेत नाथनंगे महाराजांच्या महाप्रसादालाही अशीच गर्दी लोटते. आई-बाबांचं बाहेरचं जेवण म्हणजे हे, नाहीतर कोणाच्या शेतात गोवऱ्यांच्या विस्तवावर भाजलेले रोडगे. तिथं खुर्चीवरून पडायची भीती नाही, कारण खुर्चीच नाही. सांडलं तर मातीत सांडतं. पोर रडलं तर कोणी वळून बघत नाही, कारण दहा पोरं रडत असतात. दोन वर्षांचा आणि ऐंशी वर्षांचा एकाच उंचीवर बसतात, आणि मागायची वेळ कोणावरच येत नाही. वाढणारा समोर उभा राहून आग्रह करतो. हॉटेलात मात्र पाण्यासाठीसुद्धा हात वर करून बसावं लागतं.

पण बाबांनी यावरही उपाय काढला. पोळी ठेवायला आलेल्या पोऱ्याला त्यांनी विचारलं, “कोन्या गावचा रे तू?” पोरगा मानोरा तालुक्यातला निघाला. त्याच्या गावात बाबांच्या मावसबहिणीचं सासर निघालं. पाऊस किती झाला, तूर कशी आहे, हे झालं. त्यानंतर न मागता कांदा-लिंबू आलं, दुसरा पापड आला, आणि तो प्रत्येक फेरीला वाकून म्हणू लागला, “घ्या न बाबा, गरम हाय.” नातवाला कडेवर घेऊन तो भट्टीही दाखवून आला. गल्ल्यावरचे मालक हसून बघत राहिले. आमचं टेबल तेवढं पंगतीला लागलं होतं. आम्ही टिशू पेपर खाली ठेवले.

म्हणून माझं मत असं झालंय की आजी-आजोबांना आणि तान्ह्यांना हॉटेलात बसायला शिकवण्याच्या फंदात पडू नये. त्यांना बसायचं कसं ते ठाऊक आहे. अडचण खुर्च्यांची आहे. जायचं तर सातलाच जा. भिंतीकडेचं टेबल धरा. पनीरच्या आधी डाळ-भात सांगा. वडिलांना वेटरचं गाव विचारू द्या, मध्ये ‘बाबा, राहू द्या ना’ म्हणू नका. आणि बिल आलं की ते मुकाट्यानं आपल्या खिशात घाला. त्यांच्या हाती लागू देऊ नका.