दिवा हळदणकरांचा, नाव रविवर्म्यांचं

लग्नसराई जवळ आली की धाराशिव जिल्ह्यातल्या नळदुर्गच्या किल्ल्यात कॅमेरे येतात. हल्ली त्यात ‘रविवर्मा थीम’ला मागणी आहे. नऊवारी, अंबाडा, मोत्यांची नथ आणि नवरीच्या हातात दिवा. फोटो झाले की खाली ओळ पडते, ‘राजा रविवर्मा यांच्या चित्रावरून’.

ती ओळ चुकीची आहे. एका हातात दिवा धरून दुसऱ्या हाताचा आडोसा केलेली ती तरुणी रविवर्म्यांनी काढलेली नाही. ते चित्र सावंतवाडीच्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचं आहे, आणि तेही 1945-46 च्या सुमाराचं. रविवर्मा 1906 मध्येच वारले होते. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. चित्रासाठी उभी राहिली ती हळदणकरांची मुलगी गीता. पुढे त्या गीता उपळेकर झाल्या आणि 2018 मध्ये वयाच्या एकशे दोनाव्या वर्षी कोल्हापुरात गेल्या. आपल्या मातीतला चित्रकार, आपल्याच गावांत शतकभर जगलेली ती बाई, आणि श्रेय मात्र आपणच तिसऱ्याच्या पदरात टाकतो. याची मला मनापासून चीड येते. एखाद्या कलावंताची शैली घेऊन फोटो काढायचे असतील तर पहिलं काम कलावंत कोण ते शोधण्याचं. साडी भाड्याने आणण्याचं काम त्यानंतरचं.

दुसरं काम चित्रापुढे नीट बसण्याचं. हळदणकरांचं ते चित्र जलरंगातलं आहे. पारदर्शक जलरंगात उजेड पांढऱ्या रंगाने काढत नाहीत, कागदच कोरा राखतात, एकदा तिथे रंग गेला की गेला. म्हणून चित्रात उजेड अगदी थोडा आहे. आडोशाची बोटं ज्योतीने आतून लालसर झाली आहेत, हनुवटीच्या खालून चेहरा उजळलाय आणि बाकी सगळं सावलीत सोडलंय. ती सावली हीच त्या चित्राची शैली. आपले फोटोग्राफर काय करतात? समोरून फ्लॅश मारतात, बाजूला सॉफ्टबॉक्स उभा करतात, नंतर फिल्टर चढवतात. चेहरा, नथ, काठ, मागची भिंत, सगळं लख्ख दिसतं. मग हातातल्या दिव्याला कामच उरत नाही.

अंधार हवा असेल तर नळदुर्गला तो भरदिवसा मिळतो. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात बोरी नदीवर किल्ल्यातला बंधारा बांधला गेला. शिलालेखावर 1613 चं साल आहे. या बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल आहे. पावसाळ्यात नदी भरली की नर आणि मादी हे दोन्ही धबधबे बंधाऱ्यावरून कोसळतात आणि आत उभं राहिलं की खिडकीबाहेर पाण्याचा पडदा दिसतो. दगडी खोली, खिडकीतून एकाच बाजूने येणारा मऊ उजेड. असा स्टुडिओ पैसे मोजून मिळत नाही. तरी बहुतेक जोड्या उन्हात उपळी बुरुजावर हात पसरून उभ्या राहतात आणि पाणीमहालात सेल्फीपुरत्या डोकावतात.

तिथे काम करायचं तर आधी परवानगी काढा, दगड ओला असताना नवरीला कडेला उभं करू नका, आणि खरी वात पेटवू नका. चारशे वर्षांच्या भिंतीला काजळी लावायचा हक्क कुणालाही नाही. रंगीत धुराच्या नळकांड्या तर गाडीतच राहू द्या. मातीच्या पणतीत पिवळसर उजेडाचा छोटा एलईडी बसवा, त्याच्यावर बटर पेपर लावा. कॅमेरा ऑटोवर ठेवू नका. ऑटोला अंधार म्हणजे चूक वाटते आणि तो सगळं उजळून टाकतो. एक्स्पोजर पणतीजवळच्या चेहऱ्यावरून ठरवा, मागची भिंत काळी पडली तर पडू द्या. मोबाइल असेल तर चेहऱ्यावर बोट टेकवून उजेड खाली ओढा. एवढं केलं तरी निम्मं चित्र हाताशी आलं.

आता ज्यांना रविवर्माच हवा आहे त्यांच्यासाठी. जरूर करा, पण माणूस कसा काम करायचा ते बघा. बडोद्याच्या महाराजांसाठी पौराणिक चित्रं काढायची ठरली, तेव्हा रविवर्मा आणि त्यांचा भाऊ राजराजा वर्मा देवादिकांचा पेहराव कसा असावा याचा शोध घेत उत्तर हिंदुस्थान फिरले. 1889 च्या वादक स्त्रियांच्या चित्रात अकरा जणी आहेत, निरनिराळ्या प्रांतांतल्या, प्रत्येकीचं वस्त्र वेगळं. त्यांची शकुंतला पायातला काटा काढायचं निमित्त करते आणि मागे वळून दुष्यंताला शोधते. नजर आणि हात दोन वेगळ्या गोष्टी सांगतात, म्हणून ते चित्र लक्षात राहतं. दागिने त्यात नावालाच आहेत. आपल्या शूटमध्ये नवरीला सांगितलं जातं, “मॅडम, इकडे बघा, स्माइल.” रविवर्म्यांच्या चित्रांतल्या बायका क्वचितच आपल्याकडे बघून हसतात. त्यांना वाट बघायची असते, काही आठवायचं असतं, कुणावर तरी रुसायचं असतं. नवरीला आधी गोष्ट सांगा, मग पोज द्या.

2020 मध्ये चेन्नईच्या जी. वेंकट राम या छायाचित्रकाराने सुहासिनी मणिरत्नम यांच्या ‘नाम’ संस्थेच्या कॅलेंडरसाठी रविवर्म्यांची चित्रं नट्यांना घेऊन पुन्हा उभी केली. ते फोटो देशभर फिरले आणि गावोगावच्या थीमला त्यांनी हवा दिली. रविवर्म्यांनी स्वतः 1894 मध्ये मुंबईत छापखाना काढून आपली चित्रं घरोघर पोचवली होती, तेव्हा त्यांची नक्कल गल्लीबोळात होणं हे त्यांच्या स्वभावाला धरूनच आहे. माझी तक्रार नकलेबद्दल नाही, ती आळसाबद्दल आहे.

साडीचंच घ्या. धाराशिवच्या घराघरांत आजीच्या ट्रंकेत इरकल आहे, लाल पदराचं, धुऊन धुऊन मऊ झालेलं. ते अंगावर पडतं तशी भाड्याची कडक, चकचकीत नऊवारी पडत नाही. चित्रकार घड्यांकडे बघतो, जरीकडे नंतर. तरी आजीचं लुगडं मागायची आपल्याला लाज वाटते आणि दुकानातलं मागवताना वाटत नाही.

आणि चित्रकारच कशाला हवा? तेर आपल्याच जिल्ह्यात आहे. जुनं तगर, संत गोरोबाकाकांचं गाव. तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालयात सातवाहन काळातल्या भाजक्या मातीच्या मूर्ती आहेत. त्यांच्या केसांच्या बांधणीत, कानातल्या जड कुंडलांत थीम आयती बसलेली आहे, आणि मूर्तीला डाव्या-उजव्या बाजूने उजेड देऊन पाहायची मोकळीक चित्र कधीच देत नाही. ज्यांचं लग्न येत्या हंगामात आहे त्यांनी एक रविवार तेरला जावं, एका मूर्तीची केशरचना कागदावर पेन्सिलीने उतरवून घ्यावी आणि पार्लरवाल्या ताईंना तो कागद दाखवावा. फोटोखाली मग लिहा, ‘तेर, जिल्हा धाराशिव’.